कानात पाऊस, दारात कर्णा

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतून अभ्यासाचा एक नवा विधी रूढ झाला आहे. मूल अभ्यासाला बसते तेव्हा ते प्रथम पुस्तक उघडीत नाही; प्रथम मोबाइल उघडते, कानांत इअरफोन घालते आणि पाऊस सुरू करते. पाऊस नको असेल तर समुद्राची गाज आहे, धबधबा आहे, रानातले पक्षी आहेत, 'लो-फाय' नावाचे संथ ठेक्याचे वादन आहे, मेंदूत 'अल्फा लहरी' उठविण्याची हमी देणारे गुंजन आहे, बासरी आहे, ओंकार आहे, आणि 'स्मरणशक्तीसाठी' म्हणून वेगळे काढलेले रागही आहेत. तासन्‌तास चालणारी ही ध्वनिमुद्रणे फुकट मिळतात. पालक ती हौसेने लावून देतात, आणि परीक्षेच्या दिवसांत वैद्याच्या चिठ्ठीसारखी ती एका घरातून दुसऱ्या घरात फिरतात.

या विधीविषयी आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. सुखद ध्वनी मुलाला एकाग्रता देत नाही. फार तर तो बाहेरच्या गोंगाटावर एक पडदा ओढतो. ज्या गोंगाटामुळे या पडद्याची गरज पडते, तो पुष्कळदा आपण मोठ्यांनीच केलेला असतो, आणि मुलाच्या कानात पाऊस घालून आपण तो थांबविण्याच्या जबाबदारीतून अंग काढून घेतो. पावसाशी आमचे वैर नाही. या अंग काढून घेण्याविरुद्ध मात्र आम्हांस बोलावयाचे आहे.

प्रथम एकाग्रतेच्या दाव्याकडे पाहू. संगीत ऐकल्याने बुद्धी तल्लख होते, ही समजूत आज ज्या रूपात बाजारात विकली जाते, त्या रूपाचे मूळ १९९३ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात आहे. फ्रान्सिस राउशर, गॉर्डन शॉ आणि कॅथरीन की या संशोधकांनी त्या वर्षी 'नेचर' या नियतकालिकात एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. महाविद्यालयातील ३६ विद्यार्थ्यांना त्यांनी दहा मिनिटे मोझार्टची दोन पियानोंसाठी रचलेली एक सोनाटा ऐकविली, दहा मिनिटे शरीर शिथिल करण्याच्या सूचनांचे ध्वनिमुद्रण ऐकविले आणि दहा मिनिटे नुसते शांत बसविले. प्रत्येक वेळी त्यानंतर आकृत्या मनातल्या मनात फिरविण्या-उलगडण्यासारखी कोडी सोडविण्यास दिली. मोझार्टनंतरचे गुण बुद्ध्यंकाच्या मापाने आठ-नऊ अंकांनी अधिक आले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नाही, असे संशोधकांनी त्याच टिपणात नमूद केले होते.

या प्रयोगातील तीन गोष्टी बाजाराने सोयीस्करपणे गाळल्या. संगीत कोडी सोडविताना लावलेले नव्हते, त्यापूर्वी ऐकविले होते. पाठांतर किंवा वाचन यांची परीक्षा घेतलीच नव्हती. आणि तिसरी गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: शिथिल करणारे ध्वनिमुद्रण मोझार्टच्या पुष्कळ मागे, नुसत्या शांततेच्या पंक्तीतच राहिले. ज्या टिपणाच्या पुण्याईवर आज सुखद ध्वनींचे दुकान चालते, त्याच टिपणात सुखद ध्वनीच्या पदरी काहीही पडलेले नाही! तरीही १९९८ साली जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बालकाला अभिजात संगीताची ध्वनितबकडी देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. आधी बारसे, मग मूल, अशी ही घाई होती.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९९९ साली नांताइस आणि शेलेनबर्ग यांनी मोझार्टऐवजी स्टीफन किंग या लेखकाची एक कथा विद्यार्थ्यांना ऐकविली. ज्यांना कथा अधिक आवडली, त्यांची कोडी कथेनंतर अधिक चांगली सुटली. २००१ साली थॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसेन यांनी मोझार्टच्या उत्साही रचनेशेजारी अल्बिनोनीची संथ, उदास रचना ठेवली. मोझार्टने गुण वाढले, संथ रचनेने वाढले नाहीत. श्रोत्याच्या मनाची प्रसन्नता आणि जागेपणा यांचा हिशेब वजा केला, तेव्हा मोझार्टचा म्हणून वेगळा परिणाम उरला नाही. २०१० साली व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे चाळीस प्रयोगांचा, म्हणजे जवळजवळ तीन हजार व्यक्तींच्या गुणांचा, एकत्र ताळा केला आणि मोझार्टच्या संगीतात अशी काही खास शक्ती असल्याचे त्यांना आढळले नाही. अर्थ इतकाच की मन प्रसन्न आणि जागे असले की थोडा वेळ काम बरे होते. एखादी आवडती कथा, अंगणातल्या चार फेऱ्या, आजीने पुढे ठेवलेला चहा यांनीही हे साधते. त्यासाठी रात्रभर कानात धबधबा ओतण्याचे कारण नाही.

आता अभ्यास चालू असताना लावलेल्या आवाजाकडे वळू, कारण आपल्या घरांतून प्रत्यक्षात चालते ते हेच. १९७६ साली कोल आणि वेल्श या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना अक्षरे एकामागून एक डोळ्यांनी दाखवावयाची आणि तोच क्रम आठवून लिहावयास सांगावयाचे. एका वेळी शांतता. दुसऱ्या वेळी पाठीमागे जर्मन भाषेतील वाचन. विद्यार्थ्यांना जर्मन येत नव्हती आणि ते आवाजाकडे लक्षही देत नव्हते. तरीही वाचन चालू असता त्यांच्या चुका वाढल्या. पुढे बॅडली आणि सलामे यांनी १९८०च्या दशकात हेच अनेक प्रकारे ताडून पाहिले. वाद्यसंगीतापेक्षा गायन अधिक घातक ठरते, असे त्यांना आढळले. २०११ साली पेरहॅम आणि व्हिझार्ड यांनी विद्यार्थ्यांच्या आवडीचे संगीत एकदा आणि नावडीचे एकदा लावून पाहिले. दोन्हींनी स्मरण सारखेच बिघडले. शांततेत गुण चांगले आले, आणि एकच ध्वनी न बदलता पुन्हा पुन्हा ऐकविला तेव्हाही फारसे नुकसान झाले नाही.

कारण उघड आहे. अक्षरे आपण डोळ्यांनी वाचली तरी मनातल्या मनात उच्चारून क्रमाने धरून ठेवतो. त्याच वाटेवर बाहेरून दुसरा उच्चार, दुसरा बदलता स्वर येऊन उभा राहिला की आपल्या ओळीची रांग मोडते. कानाला पापणी नाही. न कळणारी भाषासुद्धा आत शिरतेच. बहुभाषिक नगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. हैदराबादेत भिंतीपलीकडची तेलुगू मालिका, बेळगावात शेजारची कन्नड बातमीपत्रे, बडोद्यात गल्लीतली गुजराती भांडणे, घरात आजीची मराठी, आणि मुलापुढे इंग्रजी पुस्तक! 'त्याला तेलुगू कुठे कळते?' असे म्हणून आपण निर्धास्त होतो. पण व्यत्यय येण्यासाठी कळण्याची अटच नाही.

यावर काही वडीलधारी मंडळी एक आक्षेप घेतील. आपल्याकडे कामाबरोबर गाणे नव्हते काय? होते, आणि त्यात मर्म होते. जात्यावर बसलेली बाई ओवी गात असे. मोटेवरचा गडी गाणे म्हणत असे. हात ठरलेल्या चालीने फिरत असत, मन रिकामे असे आणि कंटाळा मोठा असे. ओवीने तो कंटाळा हलका केला. ब्रिटनमध्ये बीबीसीने जून १९४० मध्ये 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला, तो याच तत्त्वावर. युद्धकाळातील कारखान्यांत एकसुरी काम करणाऱ्या कामगारांसाठी दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास संगीत वाजे, आणि तो कार्यक्रम १९६७ पर्यंत चालला. पण खतावणी लिहिणारा कारकून किंवा पंचांगाचे गणित मांडणारा ज्योतिषी ओव्या गात कामाला बसला, असे कोणी ऐकले आहे काय? वाचन हे जाते नाही. तेथे हात रिकामा आणि मन गुंतलेले असते. गाणे हात रमवीत नाही, मनच वाटून घेते. मुलाला रंगकाम करावयाचे असेल, वह्यांना कव्हरे घालावयाची असतील, तर त्याने खुशाल गाणी लावावीत.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे. ओंकाराने, नामाने चित्त स्थिर होते, मग तो ध्वनी अभ्यासास बाधक कसा? याचे उत्तर परंपरेतच आहे. नामस्मरणात नाम हाच चित्ताचा विषय असतो; साधक दुसरे काही करीत नाही. बीजगणिताच्या वेळी चित्ताचा विषय बीजगणित असला पाहिजे. ओंकार एका कानाशी आणि समीकरण डोळ्यांपुढे, अशा स्थितीत दोहोंपैकी एकाची उपेक्षा अटळ आहे. आणि ती ओंकाराची झाली तर त्यास साधना म्हणू नये. अभ्यासापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसून श्वासाकडे लक्ष द्यावे, हे आम्हांस मान्य आहे. ते ध्वनिमुद्रण बंद ठेवूनही करता येते.

एवढे बोलल्यावर प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य करणे हे आमचे कर्तव्य आहे. पावसासारखा, पंख्याच्या घरघरीसारखा, चढउतार नसलेला आवाज मागच्या बोलण्याचे शब्द बुजवितो. शब्द बुजले की व्यत्यय कमी होतो. ज्या मुलाचे घर दोन खोल्यांचे आहे आणि एका खोलीत दूरदर्शन संच चालू आहे, त्याने मंद आवाजात पाऊस लावला तर त्यास दोष देणारे आम्ही कोण? तसेच, लक्ष टिकविण्याची अडचण ज्यांस वैद्यकीयदृष्ट्या जडलेली आहे अशा काही मुलांना एकसारख्या खळखळाटाचा उपयोग झाल्याचे स्वीडनमधील सोडरलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखविले. परंतु त्याच प्रयोगात तशी अडचण नसलेल्या मुलांची कामगिरी त्याच आवाजाने खालावली. म्हणजे एकाचे औषध ते दुसऱ्याचे अपथ्य. तेव्हा अशा मुलाविषयी तज्ज्ञ डॉक्टरांना विचारावे. शेजारच्या काकूंच्या शिफारशीवरून सगळ्या घराला एकच मात्रा देऊ नये. राहता राहिले ते दोन कानांत किंचित वेगळे सूर सोडून मेंदूच्या लहरी बदलण्याचा दावा करणारे ध्वनी. त्यांविषयीच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जे जुळत नाही ते हमी म्हणून विकणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

तर मग पडद्याचा उपयोग आहे; प्रश्न पडद्यामागच्या गोष्टीचा आहे. न्यूयॉर्कमधील एका शाळेची हकिगत येथे सांगण्यासारखी आहे. शाळेच्या एका बाजूस उंचावरून धावणाऱ्या आगगाडीचा रूळ होता. अर्लिन ब्रॉन्झाफ्ट आणि मॅकार्थी यांनी १९७५ साली दाखवून दिले की रुळाकडील वर्गांतील मुले वाचनात दुसऱ्या बाजूच्या मुलांच्या मागे पडत होती, आणि वरच्या इयत्तेत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचे होत होते. तेथील मोठ्यांनी काय केले? मुलांना कानात घालण्यास काही दिले नाही. रुळांखाली रबराच्या गाद्या बसविल्या, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारे तक्ते लावले. १९८१ साली पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही बाजूंची मुले बरोबरीने वाचीत होती. जर्मनीतील म्युनिक शहराचा विमानतळ १९९२ साली जुन्या जागेवरून नव्या जागी गेला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांची आधी आणि नंतर परीक्षा घेतली. जुन्या जागेजवळच्या मुलांचे वाचन व दीर्घकालीन स्मरण सुधारले. नव्या जागेजवळच्या मुलांचे बिघडले. मुले आवाजाला 'सरावतात' असे आपण सहज म्हणतो. ती सरावत नाहीत, किंमत मोजतात. आणि आवाज थांबविला की ती किंमत पुष्कळशी परत मिळते.

आपल्या नगरांत ही आगगाडी कोणती, हे सांगावयास नको. माळव्यात तिला डीजे म्हणतात, बेळगावाकडे डॉल्बी. परीक्षेचा हंगाम आणि लग्नसराई फेब्रुवारीत हातात हात घालून येतात. वरातीपुढे चालणारी ध्वनियंत्रांची गाडी, मंगल कार्यालयाचे मागचे आवार, चौकातला मंडप आणि त्यावरचा कर्णा. हे सगळे परके लोकच करतात असे मानून आपण सुस्कारा टाकतो. पण ज्या संस्थांचे विश्वस्त आपण आहोत, त्यांची सभागृहे भाड्याने कोण देते? कोणत्या अटींवर देते? वर्गणी देऊन ज्या गणेशोत्सवाचे आपण आधारस्तंभ म्हणवितो, त्याच्या मिरवणुकीत भिंत हादरविणारी यंत्रे कोणाच्या पैशाने येतात? आम्हांस ठाऊक असलेल्या एका संस्थेत एकाच इमारतीत वर वाचनकक्ष आहे आणि खाली समारंभाचे दालन. दालनाच्या भाड्यातून वाचनकक्षाचा खर्च भागतो, असे समर्थन केले जाते. ज्या संध्याकाळी दालन भाड्याने जाते त्या संध्याकाळी वाचनकक्षात कोणी बसू शकत नाही, हे हिशेबाच्या वहीत कोठे लिहिलेले नसते.

यावर एक भावनिक उत्तर नेहमी येते. महाराष्ट्रापासून दूर राहून आपण आपली ओळख टिकविली ती उत्सवांनी. त्यांवर बोट ठेवणे म्हणजे आपल्याच मुळावर घाव घालणे. ही भावना आम्हांस परकी नाही. पण आपले पूर्वज या नगरांत नुसते ढोल घेऊन आले नव्हते. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय, हैदराबादेतील मराठी ग्रंथसंग्रहालय, इंदूरची महाराष्ट्र साहित्य सभा ही नावे आपण अभिमानाने घेतो. आपली ओळख उत्सवाच्या मंडपाइतकीच वाचनाच्या टेबलावर घडली. मंडप टिकविताना टेबल मोडू द्यावयाचे, ही कोणत्या परंपरेची सेवा? शिवाय उत्सवाला कर्ण्याची गरज नाही. आरती तोंडाने म्हणतात, टाळ हाताने वाजतात.

कायदाही आपल्या बाजूने आहे, फक्त आपण त्याच्या बाजूने नाही. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास उघड्यावर मनाई आहे. उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ध्वनिक्षेपकाने आवाज वाढवून तो दुसऱ्याच्या कानावर लादण्याचा मूलभूत हक्क कोणासही नाही, आणि शांततेत जगणे हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे. या निकालानंतरही आपल्या मंडळांच्या बैठकांत 'परवानगी कशी मिळवावी' यावर जितका वेळ जातो, त्याच्या शतांश वेळही 'आवाज किती असावा' यावर जात नाही.

मग आपण मुलाला म्हणतो, 'कानात काहीतरी घाल आणि बस.' या सल्ल्याची शारीरिक किंमतही आहे. बाहेरचा आवाज बुजवावयाचा तर आतला आवाज त्याच्या तोडीस न्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकावा, मुलांनी ७५ डेसिबलचा. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो; ९० डेसिबलला प्रौढांसाठीही तो आठवड्याचे चार तास इतकाच उरतो. परीक्षेच्या दिवसांत रोज पाच-सहा तास कान भरून बसणाऱ्या मुलाचा हिशेब वाचकांनीच करावा. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, ही म्हण आपण दुसऱ्यांना उद्देशून वापरतो. येथे बंबाचे पाणीही मुलाच्याच कानात जाते आहे.

एकाग्रतेसाठी ध्वनीच हवा असेल, तर आपल्या घरांत एक ध्वनी होता, आणि तो आपण मोडीत काढला. दिवेलागणीला शुभंकरोती झाले की परवचा होत असे. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मुले मोठ्याने म्हणत. चुकले की आजोबा ओसरीवरून टोकत. तो आवाज मुलाचा स्वतःचा होता. मोठ्याने उच्चारलेला शब्द मुक्याने वाचलेल्या शब्दापेक्षा अधिक लक्षात राहतो, हे अलीकडच्या मानसशास्त्राने प्रयोगांनी दाखविले आहे. २००६ साली रॉडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचावयास दिला, आणि दुसऱ्या गटाला एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवावयास सांगितले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, पुस्तक मिटून आठवणाऱ्यांना ५६ टक्के. परवचा ही पुस्तक मिटून आठवण्याचीच रीत होती. तिच्यात कष्ट होते, चुकण्याची लाज होती, म्हणून आपण तिला घोकंपट्टी म्हणून हिणवले. अर्थ न कळता घोकण्याचे समर्थन आम्ही करीत नाही. पण कळलेले आठवून मोठ्याने सांगणे हा अभ्यासाचा कणा आहे, आणि कानात धबधबा चालू असता तो ताठ राहू शकत नाही. सुखद ध्वनीचे खरे आमिष हेच आहे की त्यात अभ्यास होत असल्यासारखे वाटते. कष्ट जाणवत नाहीत, वेळ जातो, आणि वेळ गेला म्हणजे अभ्यास झाला असा समज होतो.

शेवटची तक्रार संगीताच्या वतीने. ग्वाल्हेर, बडोदे, इंदूर ही नगरे आपल्या कुटुंबांना नुसती राहण्याची गावे नव्हती. ती ऐकावयास शिकविणारी गावे होती. बडोद्यात १८८६ साली मौलाबक्षांची संगीतशाळा निघाली, ग्वाल्हेरीस १९१८ साली भातखंड्यांच्या प्रेरणेने माधव संगीत महाविद्यालय. इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित ख्याल श्रोत्याकडून अखंड अवधान मागत असे. एका आवर्तनात मन भरकटले तर समेवर येण्याचे सुख हातचे गेले. त्याच संगीताचे तुकडे आज 'एकाग्रतेसाठी' म्हणून रसायनशास्त्राच्या पुस्तकामागे वाजतात, आणि न ऐकले जाणे हाच त्यांचा गुण मानला जातो. जे मूल राग न ऐकण्याचा सराव दहा वर्षे करील, ते विसाव्या वर्षी मैफलीत बसेल, अशी आशा कोणी धरावी? वीस मिनिटे राग ऐका आणि पुस्तक मिटून ऐका. मग राग बंद करून पुस्तक उघडा. दोघांचाही मान राहील.

केवळ टीका करून थांबणे आम्हांस मान्य नाही. आमच्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांस फार पैसा लागत नाही. ज्या ज्या मराठी संस्थेची स्वतःची इमारत आहे, तिने जानेवारी ते मार्च या काळात सायंकाळी तीन तास एक खोली अभ्यासासाठी राखावी. ती सर्वभाषिक मुलांना खुली असावी, आणि त्या वेळात इमारतीत ध्वनिक्षेपक लागू नये. इंदुरात आज खासगी अभ्यासिका महिन्याच्या भाड्याने शांतता विकतात. ज्यांस ते भाडे परवडत नाही त्यांच्या कानी पाऊस येतो. शंभर वर्षांची संस्था या मुलांना फुकट खोली देऊ शकत नसेल, तर शताब्दीचे सोहळे कशाचे? सभागृहाच्या भाडेकरारात आवाजाची मर्यादा आणि रात्री १० ही वेळ लिहावी, आणि अनामत रक्कम त्या अटीशी बांधावी. मंडळांनी मिरवणुकीतील यंत्रांवरचा खर्च बंद करून तो वाचनकक्षाच्या दारे-खिडक्यांना जाड पडदे लावण्यावर करावा. आणि घरोघरी सात ते नऊ दूरदर्शन संच बंद राहावा. हे शेवटचे कलम सर्वांत कठीण आहे, याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे. आजीची मालिका, आजोबांच्या बातम्या, बाबांचा क्रिकेटचा सामना यांना न दुखविता मुलाला इअरफोन देणे सोपे पडते. सोपे पडते, म्हणूनच त्याचा प्रसार झाला आहे.

आपल्या बहुतेक संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा येत्या काही महिन्यांत भरतील. विषयपत्रिकेवर मागील इतिवृत्त, हिशेब, निवडणूक आणि 'अध्यक्षांच्या अनुमतीने येणारे आयत्या वेळचे विषय' असतील. प्रत्येक सभेत एका तरी सभासदाने उठून अभ्यासाच्या खोलीचा ठराव मांडावा आणि दुसऱ्याने त्यास अनुमोदन द्यावे. ठराव नामंजूर झाल्यास विरोधकांची नावे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत, म्हणजे आज कानांत पाऊस घालून बसलेली मुले उद्या सभासद होतील, तेव्हा त्यांना ती वाचता येतील.